कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातले सीन मोड : कोण वापरतं, कधी आणि कशासाठी?

पारिजातक_को

नमस्कार मंडळी,

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. कॅननचा पॉवरशॉट, ए मालिकेतला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, २००८ साली घेतलेला. पेटीत ठेवताना बाबांनी आठवणीने सेल काढून ठेवले होते, त्यामुळे आत गंज नाही. नवे सेल घातले आणि लेन्स झर्रकन बाहेर आली! मी आनंदाने ओरडलेच.

वरच्या डायलवर बारीक चित्रं आहेत. चेहरा, डोंगर, चांदणीशेजारी उभा माणूस, वगैरे. शिवाय एससीएन (म्हणजे सीन) म्हणून एक खूण आहे, त्यात पान, बर्फ, समुद्रकिनारा, फटाके, मासा अशी आणखी चित्रं निघतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, समोर जे असेल ते चित्र लावायचं."

आता मुद्दा. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर आम्ही दरवर्षी पणत्या लावायला जातो. आई पायरीवर वाकून पणती लावते आहे आणि मागे सगळा घाट उजळलाय, असा एक फोटो मला हवा आहे. गेल्या वर्षी फोनवर काढला तर फोनने सगळं इतकं उजळून टाकलं की पहाटेचा अंधारच गेला. अंधार नसेल तर दिव्यांचं काय कौतुक?

तर या चित्रांतलं कुठलं लावू? आणि एकूणच, तुमच्यापैकी ही चित्रं, म्हणजे सीन मोड, कोणी वापरलेत का? अनुभव सांगा.

सह्यवेडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ए मालिकेतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एम असतो, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवायचा मॅन्युअल मोड. डायलवर दिसतोय का बघा. असेल तर चित्रांच्या वाटेला जाऊच नका. सीन मोड म्हणजे दुसऱ्याने भरवलेला घास. पोट भरतं, पण जेवायला शिकत नाही आपण. दोन संध्याकाळी घरातल्या पणतीवर सराव करा, शटर (किती वेळ उघडं राहतं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) समजून घ्या, कुठल्याही घाटावर अडणार नाही.

काजळी

सह्यवेडा, असहमत. आणि जरा सविस्तर असहमत.

जुन्या कॅमेऱ्यातल्या ऑटोला मुख्यतः एकच गोष्ट कळते, उजेड किती आहे. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. सीन मोड लावला की आपण त्याला ते सांगतो, आणि त्यावरून तो चार-पाच निर्णय एकदम घेतो. सूर्यास्ताचं उदाहरण घ्या. ऑटोमधला व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, केशरी रंगाला दोष समजतो आणि धुऊन काढतो. म्हणून हरिहरेश्वरला डोळ्यांना दिसलेला सूर्यास्त फोटोत फिका पडतो. सूर्यास्ताचा मोड व्हाइट बॅलन्स उन्हाला बांधून ठेवतो, रंग थोडे गडद करतो, झालं. फटाक्यांचा मोड फ्लॅश बंद करतो, फोकस लांबवर नेतो, आयएसओ सगळ्यात खाली आणतो आणि शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवतो. खेळाच्या मोडमध्ये शटर झपकन मिटतं आणि त्याची भरपाई आयएसओ वाढवून होते, म्हणून मंगल कार्यालयात त्यावर काढलेले फोटो रवाळ येतात.

म्हणजे एकेक चित्र हा एकेक धडा आहे. मी तरी असंच शिकले. मोड लावायचा, फोटो काढायचा आणि मग कॅमेऱ्याने काय केलं ते आकडे बघायचे.

अंगणवेल

काजळी +१. वाचतेय.

निवृत्त_मास्तर

छान धागा. एक अनुभव सांगतो, त्याने मोडच्या नावावर जाऊ नये हे कळेल.

आषाढी वारीचे फोटो काढायला मी दिवे घाटात जायचो. खाली-वर नजर जाईल तिथवर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. ऑटोवर काढलं की पांढरं मळकट दिसायचं आणि चेहरे काळवंडायचे. माझी समजूत अशी की कॅमेरा स्वस्तातला आहे. मग माहितीपुस्तक नीट वाचलं. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं धरतो, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं. समोर सगळंच पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो अंधारतो. बर्फाचा मोड यावर उपाय म्हणूनच असतो, तो मुद्दाम उजेड वाढवतो.

पुढच्या वर्षी भर ज्येष्ठात, दिवे घाटात, मी बर्फाचा मोड लावला. धोतरं स्वच्छ पांढरी आली. एका म्हाताऱ्या वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का आणि गोपीचंदन सुटं सुटं दिसत होतं. तो फोटो आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

मिनेसोटाकर

मास्तर, वा! आमच्याकडे बर्फाचा मोड बर्फावरच लागतो, नोव्हेंबर ते मार्च. पण एक जोडतो. बर्फावरच्या सावल्या निळ्या येतात आणि काही कॅमेऱ्यांत हा मोड ती निळाई मारायला रंग थोडे उबदार करतो. त्यामुळे दुसरीकडे वापरताना माणसांचे चेहरे किंचित तांबूस येतात का ते बघून घ्या. तुमच्या वारीच्या फोटोत जाणवलं का?

निवृत्त_मास्तर

जाणवलं थोडं. उन्हात रापलेल्या चेहऱ्यांना ते शोभून दिसलं.

रानजाई

पानाच्या मोडबद्दल सावध करते. कास पठारावर सप्टेंबरात तो लावला होता. हिरवं सुंदर आलं, सोनकीही छान पिवळी. पण तेरड्याचा गुलाबी रंग इतका भडकला की पाकळीवरच्या रेषाच बुजल्या, नुसते गुलाबी ठिपके. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा वाईट वाटलं, कारण पुन्हा जायला वर्ष थांबावं लागलं. फुलांसाठी साधा मोड आणि मॅक्रो, म्हणजे जवळून टिपायचं ते ट्युलिपचं चित्र, तेवढं पुरतं. पान पावसाळ्यानंतरच्या जंगलासाठी ठेवा.

ओंकार_फर्स्ट_इयर

आमच्या कॉलेजात सध्या सगळे घरातले जुने कॅमेरे शोधत आहेत, मीही काकांचा सोनीचा सायबरशॉट घेतला. प्रश्न असा की चेहऱ्याचा मोड लावून पण मागचं धूसर होत नाही. बिघडलाय का?

काजळी

ओंकार, कॅमेरा ठीक आहे. त्यातला सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो, करंगळीच्या नखाहून लहान. एवढ्या लहान सेन्सरवर जवळचं-लांबचं बहुतेक सगळं स्पष्टच येतं. चेहऱ्याचा मोड लेन्सचं छिद्र शक्य तितकं मोठं ठेवतो आणि त्वचा थोडी मऊ करतो, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. झूम पूर्ण कर, तू मागे सरक, आणि माणसाला भिंतीपासून चांगलं दहा-बारा फूट पुढे उभं कर. थोडं धूसर होईल. फोनमधली धूसरता बहुतेक वेळा हिशेबाने बनवलेली असते, तशी अपेक्षा इथे ठेवू नकोस.

पारिजातक_को

सगळ्यांचे आभार, केवढं कळतंय! डायलवर एम आहे, सह्यवेडा, पण ज्या पहाटे आईचा हात धरून ओल्या पायऱ्या उतरायच्या आहेत तेव्हा आकड्यांशी खेळायला मला सवड नसेल. म्हणून मोडच हवा.

फटाक्यांचा मोड लावू का? की चांदणी आणि माणूस?

घाटावरचा_फोटोवाला

मी लग्नकार्याचे फोटो काढतो, पंधरा वर्षं झाली. तुम्हाला चांदणी आणि माणूस हेच चित्र हवंय. फटाक्यांच्या मोडमध्ये फोकस लांबवर जातो, आई दोन हातांवर असतील तर त्या धूसर येतील.

चांदणी-माणूस मोडमध्ये फ्लॅश पडतो आणि शटरही उघडं राहतं. फ्लॅशने आईंचा चेहरा नोंदला जातो आणि नंतरच्या अर्ध्या-एक सेकंदात मागचे दिवे उतरतात. साध्या फ्लॅशच्या फोटोत मागे काळं पडतं ते इथे होत नाही.

यात लोक हमखास चुकतात ती जागा सांगतो. फ्लॅश पडला की माणसाला वाटतं फोटो झाला, आणि तो मान वळवतो. शटर अजून उघडंच असतं! मग चेहऱ्यावर दिव्यांचे ओघळ येतात, माणूस पारदर्शक दिसतो. आईंना आधीच सांगा, "फ्लॅश पडल्यावर मनात तीनपर्यंत मोज, मग हल." मी मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यालासुद्धा हेच सांगतो.

दुसरं, फ्लॅशचा उजेड पांढरा आणि पणतीचा केशरी. दोन्ही एका फोटोत आले की चेहरा पिठासारखा दिसतो. घरी आकाशकंदिलाचा जिलेटीन कागद उरला असेल ना? केशरी किंवा पिवळा. त्याचा तुकडा कापून फ्लॅशच्या खिडकीवर चिकटपट्टीने लावा. एकच पदर. चेहरा दिव्यांच्या रंगात मिसळून जातो. लेन्सवर मात्र कागद येऊ देऊ नका.

रानजाई

जिलेटीन कागद! दंडवत घ्या दादा.

काजळी

घाटावरचा_फोटोवाला यांच्याशी बाकी सहमत, पण फ्लॅशबद्दल माझं मन घेत नाही. पणती लावणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पणतीचाच उजेड असावा. हनुवटीखालून येणारा, हलता. फ्लॅश पडला की तो उजेड मेला. मी असते तर माशाचा मोड लावला असता.

ओंकार_फर्स्ट_इयर

मासा? घाटावर?

काजळी

हो. मत्स्यालयाचा मोड म्हणजे फ्लॅश बंद, आयएसओ वर, रंगांचा तोल अंधाऱ्या जागेला साजेसा. काचेसमोर फ्लॅश चालत नाही म्हणून केलेली सोय आहे ती. देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात, जिथे फोटोला परवानगी असते तिथे, मी कायम मासाच लावते. दगडी खांबांवर समईचा उजेड जसा असतो तसाच येतो. रवाळपणा येतो, पण तो मला चालतो.

घाटावरचा_फोटोवाला

काजळीताई, तुमचं म्हणणं पटतं, पण वाकलेली बाई हलतेच. आयएसओ वाढवूनही शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास राहणार, एका पणतीच्या उजेडात दुसरं काय होणार? लेन्समधली स्थिरता आपला हात सावरते, समोरच्याचं हलणं थांबवत नाही. चेहरा पुसट येईल. पारिजातकताई, दोन्ही प्रकारे काढा. फिल्म थोडीच संपणार आहे.

आणि कॅमेरा हातात धरू नका. पायरीवर ठेवा. ट्रायपॉड तिथल्या गर्दीत नको, कोणाचा तरी पाय अडकेल. साध्या कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरा, तोंड शिवून टाका आणि त्यावर कॅमेरा बसवा. हवा तसा कलतो आणि हलत नाही. शेवटी दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा झटकाही लागणार नाही.

मोडीवाचक

थोडं अवांतर. माझा सगळ्यात आवडता मोड कोणी सांगितलाच नाही, कागदाचा. काही कॅमेऱ्यांत मजकूर किंवा दस्तऐवज अशा नावाने असतो. आमच्या घरातली पणजोबांची मोडीतली पत्रं मी त्यावर टिपली. कागद पिवळा, शाई तपकिरी. हा मोड काळं-पांढरं ताणतो, अक्षर उठून येतं. पण जिथे पेन्सिलीने समासात टिपणं होती तिथे ती पार उडाली! म्हणून आता प्रत्येक पानाचे दोन फोटो काढतो, एक कागदाच्या मोडवर वाचायला, एक साध्यावर जपायला. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न येता, वरून सरळ. फ्लॅश कधीच नाही, शाईवर चमक येते.

अंगणवेल

अवांतराला माझा झब्बू. पॅनासोनिकच्या लुमिक्समध्ये बाळाचा मोड होता. बाळाची जन्मतारीख भरून ठेवायची, मग फोटो बघताना तेव्हाचं वय दिसायचं. लेकीचे फोटो त्यावर काढले. "१ वर्ष ४ महिने" असं खाली आलेल्या एका फोटोत ती पहिल्यांदा उंबरा ओलांडते आहे. वय आठवायची गरजच पडत नाही. आता ती बारावीत आहे.

सह्यवेडा

मोडीवाचक, पेन्सिलीची गोष्ट महत्त्वाची आहे आणि तीच माझ्या म्हणण्याला धरून आहे. मोड काय करतो हे माहीत नसेल तर असं नुकसान होतं.

माझाही एक फसलेला प्रयोग सांगतो. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो होतो. तेव्हा माझ्याकडे साधा कॉम्पॅक्टच होता. वाटलं, काळोखात उजेडाचे ठिपके म्हणजे फटाकेच. फटाक्यांचा मोड लावला, चाळीस फोटो काढले, चाळीसही काळेकुट्ट. फटाके प्रचंड प्रखर असतात, त्यांना खालचा आयएसओ आणि दोन सेकंद पुरतात. काजव्याचा उजेड त्यापुढे काहीच नाही. सोबतच्या मित्राच्या लुमिक्समध्ये तारांगणाचा मोड होता, १५, ३० आणि ६० सेकंदांचा. त्याने कॅमेरा दगडावर ठेवून ६० सेकंद दिले आणि झाडभर हिरवट ठिपके आले. त्या रात्रीनंतर मी एम शिकायचं ठरवलं. म्हणून पहिल्या प्रतिसादात तसं तडकाफडकी लिहिलं होतं. पण पारिजातक यांची अडचण खरी आहे, ओल्या पायरीवर मोडच बरा.

एक उपयोगी गोष्ट. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते, शटर, छिद्र, आयएसओ, फ्लॅश पडला की नाही. त्यातच दृश्याचा प्रकार अशीही एक नोंद असते, साधं, निसर्ग, व्यक्ती किंवा रात्र. बाबांचे जुने फोटो संगणकावर असतील तर उघडून बघा. त्यांनी काय लावलं होतं ते कळेल.

घाटावरचा_फोटोवाला

आणि सेल! साधे अल्कलाइन सेल फ्लॅशसाठी लवकर बसतात, त्यात पहाटेची थंडी. चार्ज होणारे निकेलचे, २००० एमएएचच्या आसपासचे चार घ्या, दोन खिशात ठेवा. कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेऊ नका, त्या काळच्या कॅमेऱ्यांना त्याहून मोठी, एसडीएक्ससी प्रकारची कार्डं वाचता येत नाहीत. मला एका दुकानदाराने "चालेल की" म्हणून ६४चं दिलं होतं आणि ऐन कार्यात कॅमेरा कार्डच ओळखेना.

निवृत्त_मास्तर

अर्धं बटण दाबून फोकस धरायचं विसरू नका. अंधारात फोकस पणतीच्या कडेवर धरा, ज्योतीवर नको.

पारिजातक_को

मंडळी, त्रिपुरी झाली. घरी येऊन, आंघोळ करून, चहा घेऊन आता लिहायला बसले आहे.

पहाटे साडेचारला निघालो. बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी ते आले. तांदळाची पिशवी बघून म्हणाले, "मी वाळूची करायचो, नदीतलीच." आणि मला आठ दिवस हे कोणी सांगितलं नव्हतं!

जिलेटीन कागद आधी दोन पदरी लावला होता, तर घरी फोटो काढून बघताना आईचा चेहरा हळद लागल्यासारखा आला. एक पदर काढला. घाटावर गर्दी होती, पायऱ्यांवर रांगोळ्या, तेलाने पायरी निसरडी. पहिले सहा फोटो गेले, कारण आई फ्लॅश पडला की "झालं का?" म्हणून मान वर करत होती. चांदण्यातली पारदर्शक आई! मग बाबा तिच्या बाजूच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने एक, दोन, तीन मोजू लागले. शेजारच्या दोन मुलीपण मोजू लागल्या. सातव्याला आला. आईचा चेहरा केशरी, हातातली काडी, मागे पायऱ्या पायऱ्यांनी दिवे आणि पाण्यात त्यांची लांब लांब प्रतिबिंबं. आणि वर आकाश काळंच. तो अंधार मला हवा होता.

काजळीताई, माशावर पण काढले. घाटावरचा_फोटोवाला म्हणाले तसे चेहरे पुसट आले. पण एक आहे, त्यात आई नाही, फक्त तिचे दोन हात पणतीभोवती वारा अडवायला धरलेले. हात स्थिर होते. बोटांच्या कडा उजेडाने लालसर झाल्यात. तो बाबांना जास्त आवडला.

आता सह्यवेडा, तुमच्यासाठी. संगणकावर २००९ चा फोल्डर निघाला. त्यात त्रिपुरीच्या पहाटेचा एक फोटो आहे, आजी त्याच घाटावर, मांडीवर पणत्यांचं ताट. एक्झिफ उघडलं. शटर १ सेकंद, छिद्र एफ २.८, फ्लॅश पडलेला, दृश्याचा प्रकार रात्र. आज सकाळच्या माझ्या फोटोचे आकडे शेजारी लावले. सगळे तेच. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "मग? समोर रात्र होती, रात्रीचं चित्र लावलं."

सह्यवेडा

सुरेख. आजींच्या फोटोत चेहरा पांढरा आलाय की केशरी?

पारिजातक_को

पांढरा. जिलेटीन कागद बाबांना सुचला नव्हता. पुढच्या वर्षी ते स्वतः कापून देणार आहेत म्हणे.

काजळी

हातांचा फोटो चढवा ना ताई. आणि आईंचाही.

पारिजातक_को

दोन्ही चढवते, आकार कमी करून. आईने परवानगी दिली आहे. फक्त म्हणाली, पदर सरळ आहे तोच टाक. म्हणजे सातवा नव्हे, नववा. नवव्यात बाबांचा मोजणारा हात कोपऱ्यात आलाय, तो मी कापणार नाही.